करी रोडच्या शाळेसमोरचं क्रॉसिंग : प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

शाळा आज सुरू झाली, नोंदवहीही आजपासून. काम एकच : महादेव पालव मार्ग ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलांसाठी क्रॉसिंग धड करून घेणं. शाळेचं नाव लिहीत नाही. परिसरात ती सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेरच्यांना नावाची गरज नाही. इमारत रस्त्याच्या दक्षिणेला, बहुतेक मुलांच्या चाळी उत्तरेला. अधिवेशनं दोन, सकाळचं आणि दुपारचं.

पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत आला. हवामान खात्याच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आलेला नाही. जूनच्या आधी पट्टे रंगवून घ्यायचा बेत त्यात वाहून गेला, कारण पट्ट्यांचं थर्मोप्लास्टिक, म्हणजे वितळवून ओतायचा रंग, ओल्या रस्त्यावर धरत नाही. जुने पट्टे आहेत, पण ते आहेत हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच दिसतात.

विषय शाळेच्या परिवहन समितीत घालायचा. २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत ही समिती असते. मुख्याध्यापक अध्यक्ष, शिवाय पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओ. नियम बसने येणाऱ्या मुलांसाठी आहेत आणि आमची मुलं बहुतेक चालत येतात. पण पोलीस, शाळा आणि पालक एका टेबलाशी बसतात ती एवढीच जागा. माझ्याकडे मोजमाप, नकाशे आणि पत्रव्यवहार. पेशाने ड्राफ्ट्समन असल्याचा हा भोग.

१९ जून

बारा ते एक या वेळात सकाळची मुलं सुटतात आणि दुपारची येतात. समोरच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून मुलं जिथून ओलांडतात त्या रेघा नकाशावर मारल्या. पट्टे गेटपासून भारतमाता चौकाच्या बाजूला बरेच सरकलेले. रेघा जवळजवळ सगळ्या वेगळ्याच ठिकाणी : चाळीच्या बोळाच्या तोंडापासून मसाल्याच्या दुकानापर्यंत, तिथून भिंतीकडेने गेट.

का, ते दुकानातल्या मावशींनी सांगितलं. "पट्ट्यापर्यंत जायचं तर आधी रस्त्यावरच उतरायला लागतं ना. मग इथनंच का नको?" बरोबर आहे. पट्ट्यांकडे जाणारा फुटपाथ दुचाक्यांनी भरलेला. सुरक्षित जागी पोचायलाच मूल आधी गाड्यांमध्ये उतरतं.

'पट्ट्यांवरूनच जा' असं मुलांना बजावण्यात माझा वेळ जाणार नाही. पट्टेच मुलांच्या वाटेवर आणायचे. नकाशावरचा पहिला निर्णय हा.

आणखी एक गोष्ट गॅलरीतून नीट दिसली. पावसाची सर थांबल्यावर रस्त्यावरचा गाळ चाकांनी पुसला जातो. जिथून चाक जात नाही तिथे तो तसाच बसून राहतो. बोळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर गाळाचे मोठे त्रिकोण उरले होते. म्हणजे तेवढी जागा गाड्यांना लागतच नाही. फोटो काढून ठेवले. मोजणीयंत्र लावूनही इतका स्वच्छ पुरावा मिळाला नसता, आणि तोही पावसाने फुकट दिला.

२४ जून

मोबाइल काठीला बांधून जमिनीपासून एक मीटरवर धरला आणि बोळाच्या तोंडातून दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. पहिलीतलं मूल साधारण ११५ सेंटीमीटर उंच, डोळे त्याहून खाली. फोटोत दिसतं काय, तर उभ्या असलेल्या जीपसारख्या मोठ्या गाडीचा दरवाजा आणि स्कूटरचा मडगार्ड. रस्ता दिसतच नाही. येणाऱ्या गाडीतून मूल दिसत नाही ते वेगळंच. ते बॉनेटपुढे आल्यावरच चालकाला कळतं की तिथे कोणी आहे.

हे फोटो समितीपुढे ठेवायचे. भाषणापेक्षा लवकर पटतील.

४ जुलै

टेपने मोजमाप. रविवारी पहाटे करायचं होतं, पाऊस होता. आज रात्री अकरानंतर केलं, हवालदारांनी एका बाजूला बॅरिकेड लावून दिलं.

कर्ब ते कर्ब, म्हणजे एका फुटपाथच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत, साडेदहा मीटर. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, प्रत्येक बाजूला साधारण पावणेदोन मीटर खातात. मध्ये उरतात सात. म्हणजे वाहतूक आजही सात मीटरवरच चालते. साडेतीन मीटरची एक लेन, अशा दोन लेनना तेवढे पुरतात. उरलेले साडेतीन मीटर उभ्या गाड्यांचे. तेव्हा क्रॉसिंगच्या ठिकाणी दोन्हीकडचा फुटपाथ पावणेदोन-पावणेदोन मीटर पुढे आणला, तर चालत्या गाडीचं काहीच जात नाही. जातात त्या फक्त उभ्या राहायच्या काही जागा. पोलिसांशी बोलताना सुरुवात इथूनच करायची, कारण 'रस्ता अरुंद करणार' हे तीन शब्द ऐकले की पुढचं कोणी ऐकत नाही.

वेळेचं गणित. सिग्नलच्या हिशेबात माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरतात. पाठीवर दप्तर आणि हाताला धाकटी बहीण असलेल्या मुलाची ०.९ धरली. साडेदहा मीटरला पावणेबारा सेकंद लागतात, सातला आठच्या आत. पुरुषांचं कबड्डीचं मैदान दहा मीटर रुंद असतं. लालबाग-परळमध्ये हे सांगितलं की कोणालाही कळतं : पोरगं रोज दोनदा अख्खं मैदान आडवं ओलांडतं, आणि समोरच्या संघात डंपर असतो.

पावणेबारा सेकंदांत ताशी ५० ने येणारी गाडी १६० मीटर कापते. मुलाने फुटपाथ सोडला तेव्हा करी रोडच्या रेल्वे पुलाच्या चढापलीकडे असलेली, दिसतही नसलेली गाडी ते पोचायच्या आत इथे हजर होते. गाडी थांबायला लागणारं अंतर, कोरड्या रस्त्यावर, चालकाला भान यायला एक सेकंद धरून : ताशी ३० ला सुमारे १३ मीटर, ५० ला २८. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात माणसं आणि गाड्या मिसळतात तिथे ताशी ३० ची मर्यादा मागितली आहे, ती याच गणितावर. शिवाय लहान मुलांना समोरून येणाऱ्या गाडीचा वेग मोठ्यांसारखा जोखता येत नाही. गाडी दूर आहे एवढंच त्यांना दिसतं, ती किती जोरात येते आहे ते नाही.

११ जुलै

समितीची बैठक. फोटो फिरवले. थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग सगळे एकदम बोलायला लागले. सूचना आणि माझं मत :

स्पीडब्रेकर. मागणी सगळ्यात मोठी. माझा विरोध नाही, पण गल्लोगल्ली असतात तसला उभा उंचवटा नको. इंडियन रोड काँग्रेस ही रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था, तिच्या मापाचा उंचवटा १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून ताशी २५ ने गाडी आरामात जाते, त्याहून जोरात गेली तर आपटते. अरुंद उभा ब्रेकर उलटा वागतो : जोरात जाणारी मोठी गाडी त्यावरून उडून जाते, आणि केईएमकडे निघालेल्या रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल होतात. नटबोल्टने ठोकलेले रबरी तुकडे वर्षभरात उखडतात, बोल्ट तेवढे रस्त्यात राहतात.

थ्रीडी झेब्रा. एका पालकांनी मोबाइलवर दाखवला, पट्टे हवेत तरंगल्यासारखे. नको म्हटलं. पहिल्यांदा फसलेला चालक दुसऱ्यांदा फसत नाही, आणि मुलं त्यावर उभं राहून फोटो काढतात.

फुटपाथला सलग रेलिंग. गेटसमोर हवंच, मुलं सुटताच थेट रस्त्यात धावू नयेत म्हणून. बाकी रस्त्याला नको. लांब रेलिंग लावलं की माणसं त्यावरून उड्या मारतात, आणि एकदा मूल रेलिंगच्या चुकीच्या बाजूला गेलं की त्याला परतायला वाट नसते.

आमचा प्रस्ताव : पट्टे मुलांच्या वाटेवर, दोन्हीकडून पुढे आलेला फुटपाथ, क्रॉसिंगच्या आधी दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या करायला बंदी, आणि सवड मिळाल्यावर पूर्ण क्रॉसिंगच फुटपाथच्या पातळीला उचललेलं. भायखळ्यात मिर्झा गालिब मार्गावर शाळांसमोर असला प्रयोग झाला आहे, मालाडला मीठचौकीला रंग आणि शंकू मांडून चौकाचीच रचना बदलून पाहिली होती. मुंबईत नवं काही मागत नाही आहोत, हे निरीक्षकसाहेबांना आवडलं. नवं असतं तर परवानगी वर जाते.

वडापावच्या गाडीवरून वाद झाला. उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे शाळेपासून १०० मीटरमध्ये फेरीवाले नकोत, हे खरं. तरी माझ्या यादीत ते काका शेवटी आहेत. दृष्टी अडवतात त्या चारचाक्या. मूल रस्त्यात उतरलं की पहिली हाक गाडीवाल्या काकांचीच येते.

३१ जुलै

वॉर्ड ऑफिसला पत्र, नकाशा, फोटो. आवकचा शिक्का घेतला. पत्रात दोन गोष्टी मुद्दाम घातल्या. एक, मोटार वाहन कायद्याचं कलम १९८ अ, जे २०१९ च्या दुरुस्तीत आलं. रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल मापदंडाप्रमाणे केली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. दोन, याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पादचाऱ्यांना वापरण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे. धमकीचा सूर नको म्हणून दोन्ही शेवटच्या परिच्छेदात, एकेका ओळीत.

२० ऑगस्ट

१८ ला दुपारच्या शाळा पावसामुळे सोडल्या, १९ ला सुट्टी. सुटलेली मुलं पाण्यातून कशी गेली ते पाहिलं : फुटपाथवरची झाकणं दिसेनात म्हणून सगळी रस्त्याच्या मध्यातून. क्रॉसिंग उचलायचं तर पाण्याची वाट आधी बघायला हवी, हे डोक्यात पक्कं झालं. पलीकडे हिंदमाता आहे. तिथल्या पाण्यासाठी जमिनीखाली मोठाल्या टाक्या बांधाव्या लागल्या. त्या बाजूला वाहणारं पाणी अडवणारा बांध आम्हाला कोणी घालू देणार नाही, आणि देऊही नये.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. लालबागमध्ये आता अनंत चतुर्दशीपर्यंत रस्ता रस्ता राहत नाही. राजाची रांग, गणेश गल्लीची गर्दी, पोलिसांचे बांबू. काम बंद.

१५ सप्टेंबर

सगळा नकाशा पुन्हा उघडावा लागणार. १२ तारखेच्या रात्रीपासून एल्फिन्स्टनचा पूल पाडकामासाठी बंद झाला. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तिथे नवा दुमजली पूल येणार आहे. परळ-प्रभादेवीची गाडी आता टिळक पूल, चिंचपोकळी किंवा आमच्या करी रोडच्या पुलावरून जाते.

वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेत महादेव पालव मार्गासाठी असं आहे : सकाळी ७ ते दुपारी ३, भारतमाता चौकाकडून शिंगटे मास्तर चौकाकडे एकदिशा. दुपारी ३ ते रात्री ११, उलट्या दिशेने एकदिशा. रात्री ११ ते सकाळी ७, दुहेरी.

म्हणजे शाळेसमोरचा रस्ता दिवसातून तीनदा स्वभाव बदलतो.

हवालदार म्हणाले, "साहेब, एकदिशा झाला म्हणजे पोरांना सोपंच झालं की. एकाच बाजूला बघायचं." मलाही ऐकताना क्षणभर बरं वाटलं. रात्री कागद घेऊन बसलो.

२२ सप्टेंबर

कागदावरचं इथे उतरवतो. शाळा दक्षिणेला, मुलं उत्तरेकडून येणारी. भारतमाता पूर्वेला, पूल आणि शिंगटे मास्तर चौक पश्चिमेला.

सकाळचं अधिवेशन. येताना सात वाजायला दहा-पंधरा मिनिटं असतात, रस्ता तेव्हा दुहेरी. गाड्या दोन्हीकडून, आणि मोकळा रस्ता म्हणून जोरात. सुटताना सव्वाबारानंतर मूल उत्तरेला तोंड करून ओलांडतं, गाड्या पूर्वेकडून येतात. पूर्व त्याच्या उजव्या हाताला.

दुपारचं अधिवेशन. येताना साडेबाराच्या आसपास दक्षिणेला तोंड, गाड्या पूर्वेकडून, म्हणजे डावीकडून. संध्याकाळी सहाला परत जाताना उत्तरेला तोंड. पण आता गाड्या पश्चिमेकडून, म्हणजे पुन्हा डावीकडूनच.

'आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे' हे आपण सगळ्यांना पाठ करून दिलं आहे. दुहेरी रस्त्यावर ते बरोबर, कारण पहिली गाडी उजवीकडूनच येते. दुपारच्या मुलांना मात्र दोन्ही वेळा धोका डावीकडून आहे. उजवीकडे पाहिलं, काही नाही, पाऊल टाकलं. आज गॅलरीतून नेमकं हेच पाहिलं, पुन्हा पुन्हा. आणि एकाच घरातली दोन भावंडं वेगवेगळ्या अधिवेशनात असतील, तर थोरल्याने धाकट्याला शिकवलेलं धाकट्याला लागू पडत नाही.

एकदिशेचे आणखी दोन तोटे. समोरून गाडी येणार नाही ही खात्री झाली की चालक वेग वाढवतात. आणि एकाच दिशेच्या दोन रांगा शेजारी-शेजारी चालतात. पहिल्या रांगेतली टॅक्सी मुलासाठी थांबते, दुसऱ्या रांगेतल्याला टॅक्सीआडचं मूल दिसत नाही, तो बाजूने पुढे निघतो. मुलाला हात दाखवून 'जा' म्हणणारा भला चालकच इथे घात करतो. यावर उपाय एक : थांबरेषा पट्ट्यांना चिकटून नको, चार मीटर मागे. मग दोन्ही रांगांतून मूल दिसतं. दिशा बदलते म्हणून ही रेषा दोन्ही बाजूंना हवी.

उलट्या दिशेने घुसणाऱ्या दुचाक्या धरल्या, तर 'एकाच बाजूला बघा' हे कधीच शिकवायचं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

चाचणी. पाऊस गेला, दिवाळीची सुट्टी अजून लागलेली नाही. ही दोन्ही एकत्र मिळणारा आठवडा हाच.

कबड्डी मंडळाने मैदान आखायचा चुना आणि फक्कीचा डबा दिला. पुढे आलेल्या फुटपाथची कड चुन्याने मारली, तिच्यावर चौकीतून आणलेले शंकू. कोपरे १९ जूनच्या गाळाच्या फोटोंवरून आखले. पट्टे चुन्याचेच. मुलांना पट्टा चुन्याचा की रंगाचा याच्याशी कर्तव्य नव्हतं, पहिल्या तासापासून ती त्यावरून गेली, कारण तो त्यांच्याच वाटेवर होता.

आरएसपीची, म्हणजे शाळेच्या रोड सेफ्टी पेट्रोल पथकाची मुलं टोपी, शिट्टी, पट्ट्यासह हजर. पथकाच्या सरांना आधीच विनंती केली होती : मुलं फुटपाथवर उभी राहून रांग धरतील, रस्त्यात उतरून गाड्या अडवणार नाहीत. ते काम हवालदारांचं. सर थोडे नाराज झाले, पण मानलं. बारा वर्षांच्या मुलाने हात केला म्हणून डंपर थांबेल यावर मी पैज लावणार नाही.

काय दिसलं :

बोळातून वळणाऱ्या गाड्या लक्षात येईल इतक्या हळू झाल्या. कोपरा आखूड झाला की वळण घट्ट होतं, चालकाला पाय ब्रेकवर न्यावाच लागतो. याला पाटी लागत नाही, दंड लागत नाही.

दुचाक्या, त्यातही डिलिव्हरीवाले, शंकूंच्या मधून निघाले. कायमच्या कामात तिथे बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे आखूड खांब, हवेत. चाकाची खुर्ची जाईल इतकी फट ठेवली की दुचाकीही जाते, हे रडगाणं शहरभर आहे. म्हणून बोलार्ड फक्त कडेला, मुलांच्या वाटेवर नाहीत.

स्कूल व्हॅनवाल्यांनी नव्या कडेला गाडी टेकवून मुलं उतरवली. सोय म्हणून, पण त्यांच्या गाडीमागे सगळं झाकलं गेलं. त्यांना क्रॉसिंगच्या पुढची जागा दिली. पण 'पुढची' म्हणजे सकाळी एका बाजूची आणि दुपारी दुसऱ्या. व्हॅनवाले काका म्हणाले, "बरं, घड्याळाप्रमाणे आमचा स्टॉपपण फिरणार." त्यांना हे आमच्यापेक्षा लवकर कळलं.

पुनर्विकासाच्या साइटवर जाणारा काँक्रीटचा मिक्सर बोळात वळला आणि त्याचं मागचं चाक चुन्याच्या कडेवरून गेलं. लांब गाडीचं मागचं चाक नेहमी आत कापतं. कोपऱ्यावर मुलं उभी राहणार असतील, तर ही सगळ्यात वाईट गोष्ट. नकाशात उभं राहायची जागा कोपऱ्यापासून सरकवून सरळ भागात घेतली. साइटवाल्यांनी शाळा सुटायच्या वेळा टाळायचं तोंडी कबूल केलं आहे, लेखी मागितलं आहे.

दुपारी तीन वाजता दिशा बदलताना काही मिनिटं कोणालाच काही कळत नव्हतं. तेव्हा शाळेच्या दारात गर्दी नसते, हे नशीब.

१४ ऑक्टोबर

चुना टायरांनी नेला. व्हिडिओ आणि नकाशे वॉर्ड ऑफिसला आणि वाहतूक खात्याला दिले. दुय्यम अभियंता मॅडमनी स्वतः येऊन पाहिलं होतं, त्यामुळे समजावायला काही उरलं नाही. त्यांचा एकच प्रश्न : रात्री अकरानंतर दुहेरी असताना सात मीटरमध्ये दोन बस समोरासमोर निघतील का? बस सुमारे २.६ मीटर रुंद. निघतात.

७ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिली भेट. पट्टे, थांबरेषा, 'नो पार्किंग' आणि शाळेच्या त्रिकोणी पाट्या मंजूर. फुटपाथ पुढे आणायचं बांधकाम वेगळ्या खात्याकडे, तोवर रंग आणि बोलार्डने कड आखायची. उचललेलं क्रॉसिंग नामंजूर नाही, पण पर्जन्यजल विभागाचा अभिप्राय हवा. कर्बच्या कडेने जाळीखालून पाणी जाऊ द्यायचा तपशील काढून दिला आहे.

२८ नोव्हेंबर, रात्री

रंगकाम. शाळेसमोरचा तुकडा काँक्रीटचा. थर्मोप्लास्टिक साधारण २०० अंशांना वितळवून ओततात, वरून काचेचे बारीक मणी टाकतात, त्याने ते रात्री हेडलाइटमध्ये चमकतं. डांबरावर ते आपोआप पकडतं, काँक्रीटवर आधी प्रायमर लागतो, नाहीतर पापुद्रे निघतात. रंगवणाऱ्या पथकाकडे प्रायमर नव्हता. 'डांबरावर लागत नाही कधी' म्हणाले. डांबर नाही हे दाखवल्यावर मुकादमाने फोन केला, डबा यायला वेळ लागला, चहा दोनदा झाला. प्रायमर मारल्यावरच काम सुरू. भांडायची वेळ आली नाही.

पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना, फुटपाथच्या कडेशी, मुलांना वाचता येईल असं 'दोन्हीकडे पाहा' लिहून घेतलं. लंडनमध्ये जमिनीवर 'उजवीकडे पाहा' लिहितात. आपल्याला तेवढं सोपं नाही.

९ डिसेंबर

आरएसपीच्या सरांनी एक युक्ती काढली होती : दोन्ही बाजूंनी बाण असलेली पाटी, तीनच्या ठोक्याला शिपाईमामांनी फिरवायची, म्हणजे मुलांना गाड्या कुठून येतात ते कळेल. आठवडाभर करून पाहिली. मामा चोख होते. एक दिवस ते रजेवर गेले, पाटी सकाळच्या बाणावरच राहिली आणि संध्याकाळी काही मुलं तिच्याकडे पाहून निर्धास्त निघाली. हवालदार हजर होते म्हणून निभावलं. पाटी काढली. चुकीची पाटी ही नसलेल्या पाटीपेक्षा वाईट, कारण ती पाहणं थांबवते. सरांनाही पटलं. त्यांनी आता वर्गांत वेगळं सुरू केलं आहे : उजवं-डावं नाही, 'पूल आणि चौक'. ओलांडायच्या आधी पुलाकडे बघायचं, चौकाकडे बघायचं, पुन्हा पुलाकडे. मूल कुठल्याही बाजूने आलं तरी पूल तिथेच असतो.

मला हे सुचलं नव्हतं. चांगलं आहे.

१५ डिसेंबर

महापालिका निवडणूक जाहीर, आचारसंहिता लागू. मतदान १५ जानेवारी. उचललेल्या क्रॉसिंगची फाइल तोवर हलणार नाही. पाट्यांवर कोणाचं नाव टाकलेलं नाही, म्हणून झाकायला काही नाही.

२३ डिसेंबर

सकाळी पावणेसातला जाऊन आलो. सूर्योदय सध्या सातनंतर. अंधार, रस्ता दुहेरी, रिकामा, आणि सगळ्यात लहान वर्ग याच वेळी येतात. पट्टे चमकतात, मुलं नाही. दिव्याचा खांब क्रॉसिंगच्या अगदी डोक्यावर आहे, त्यामुळे डोकी उजळतात आणि अंग काळं राहतं. दिवा येणाऱ्या गाडीच्या बाजूला थोडा अलीकडे हवा, म्हणजे मुलाच्या गाडीकडच्या अंगावर उजेड पडतो. रस्ता त्या वेळी दुहेरी, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक दिवा.

शहर भागातले रस्त्यावरचे दिवे बेस्टकडे. पत्र आजच दिलं. हे दुरुस्तीत मोडणारं काम आहे, आचारसंहितेत अडकू नये असं लिहिलं.

१९ जानेवारी २०२६

निकाल १६ ला लागले. नव्या नगरसेवकांना द्यायची फाइल तयार : नकाशा, चाचणीचे व्हिडिओ, पर्जन्यजल विभागाला दिलेला तपशील. वर दिशांचा एक पानी तक्ता लावला, कारण रस्ता दिवसातून तीनदा बदलतो हे इथे राहणाऱ्यांनाही सांगावं लागतं.

पट्ट्यांचा रंग टिकून आहे, प्रायमर कामी आला. पूर्वेकडची थांबरेषा पाळली जाते. पश्चिमेकडची नाही, तिथे पुलाच्या उताराने आलेली गाडी रेषेवरून पुढे सरकते. तिथे ३.७ मीटरच्या मापाचा उंचवटा रेषेच्या आधी मागितला आहे. नो पार्किंगमधल्या दुचाक्या सकाळी नसतात, संध्याकाळी परत येतात. चौकीला संध्याकाळी साडेपाचची फेरी मागितली आहे.

बेस्टचे लोक खांब पाहून गेले. एक खांब सरकवता येईल, दुसऱ्यासाठी फुटपाथ खणावा लागेल आणि खणायची परवानगी वॉर्ड ऑफिसची. अर्ज उद्या देतोय. खणणार आहेतच, तर जाळीच्या गटाराचं तोंड त्याच खड्ड्यात मोकळं करून घ्यावं, हे मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, अर्जातच लिहा.